निळ्या पुस्तकांना कसर का लागत नाही

घरात तिला सगळे 'काका' म्हणत. मुलगी, तीही सव्वीस वर्षांची, आणि काका! त्याचं असं झालं, की बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी एकच शब्द होता, 'का?' उत्तर मिळालं की त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'का?' ते ऐकून कान किटलेल्या थोरल्या भावाने एक दिवस तिचं बारसं नव्याने करून टाकलं. पुढे भाऊ नोकरीसाठी परगावी गेला, वडील गेले, घरात ती आणि आई अशा दोघीच उरल्या, पण नाव काही सुटलं नाही. विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीत एकदा आईचा फोन स्पीकरवर लागला आणि "काका, डबा विसरलीस" हे सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून तिथेही ती काकाच झाली.

काका कीटकशास्त्रात संशोधन करत होती आणि तिचा कीटक होता कसर. जुनं पुस्तक उघडल्यावर चंदेरी रेघेसारखा सर्रकन पानाआड जाणारा, शेपटीला तीन धागे असलेला, बिनपंखांचा तो किडा. पुस्तकाच्या पाठीला लावलेली खळ हे त्याचं आवडतं खाणं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात जुनी बांधीव पुस्तकं होती. ती तपासताना काकाच्या एक गोष्ट लक्षात आली होती: तपकिरी, हिरव्या, लाल पुठ्ठ्यांची पुस्तकं कसरीने जागोजाग कुरतडलेली, पण निळ्या कापडाची पुस्तकं मात्र कोरी करकरीत. जवळजवळ सगळीच. मग तिने अकरा पानी अर्ज लिहिला. निळ्या रंगात कसरीला नकोसं असं काहीतरी द्रव्य आहे, ते शोधायला रंगाचं रासायनिक पृथक्करण करावं लागेल, आणि त्यासाठी संशोधन अनुदान हवं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी अर्ज दोनदा वाचला, तीन स्वल्पविराम बदलले आणि म्हणाल्या, "छान आहे. पाठव."

निर्णय सहा आठवड्यांत कळेल, असं अनुदान मंडळाच्या संकेतस्थळावर लिहिलेलं होतं. आता नववा आठवडा चालू होता. तिथे अर्जाच्या क्रमांकापुढे 'विचाराधीन' हा एकच शब्द दिसे.

तिच्या शेजारच्या टेबलावर मुंग्यांवर काम करणारा एक विद्यार्थी बसायचा. त्याला सगळे मुंग्यावाला म्हणत. त्यानेही अर्ज केला होता. तो दर अर्ध्या तासाने संकेतस्थळ उघडायचा, 'विचाराधीन' वाचायचा, सुस्कारा टाकायचा आणि परत मुंग्यांकडे वळायचा.

"तुला काहीच वाटत नाही का गं?" एकदा त्याने वैतागून विचारलं. "मी तर स्वप्नातही 'विचाराधीन' वाचतो."

"वाटतं ना," काका म्हणाली. "मला वाटतं, मंडळाचे तिघे परीक्षक माझा अर्ज कुठे बसून वाचत असतील? एखादा दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असेल का? आणि सातव्या पानावर माझी ती आकृती आहे, ती त्याला उलटी तर दिसत नसेल?"

मुंग्यावाल्याने हात जोडले.

पण खरं सांगायचं तर काकाचाही जीव टांगणीला लागला होता. फरक एवढाच, की तिला बसून राहणं जमत नसे. पृथक्करणाचं यंत्र अनुदान मिळाल्याशिवाय हाताशी येणार नव्हतं, हे खरं. पण डोळे होते, हात होते, आणि तळघराची किल्ली होती. ग्रंथपाल बाईंनी मोडीत काढायच्या ढिगातली दोन फाटकी निळी पुस्तकं तिला देऊन टाकली. त्यांचे कापडाचे तुकडे तिने सोडवले आणि संध्याकाळी घरी नेले, उगाचच, आईला दाखवायला.

आई कपडे दुरुस्त करून द्यायची. कोणाची पँट आखूड करायची, कोणाचा कोट उसवून पुन्हा शिवायचा. चाळीस वर्षं कापडात गेल्यामुळे कापडाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, दोन्ही तुकडे बोटांत चोळले, मग अंगठा पाण्यात बुडवून दोन्हींवर घासला.

"हे दोन सारखे आहेत असं कोणी सांगितलं तुला?"

"दोन्ही निळेच आहेत की."

"निळे आहेत गं, पण हा बघ." आईने अंगठा पुढे केला. एका बाजूला निळा डाग पडला होता. "हा कच्चा रंग. पाणी लागलं की सुटला. आणि हा दुसरा पक्का, दगडावर आपटलास तरी जायचा नाही. रंगवणारे वेगळे, रंगही वेगळा. यांचं एकमेकांशी काही नातं नाही."

काकाने दोन्ही तुकडे दिव्यापाशी धरले. तिच्या अकरा पानांत 'निळा रंग' हे शब्द अडतीस वेळा आले होते, आणि प्रत्येक वेळी एकवचनी.

"काय झालं? तोंड का उतरलं?"

"उतरलं नाही," काका म्हणाली. "आई, दोन वेगळे रंग आणि दोन्हींना कसर लागत नाही. मग दोघांत सारखं काय आहे?"

"ते मला काय विचारतेस? मी शिवणारी बाई. भांडी घास."

दुसऱ्या दिवसापासून काका तळघरात ठाण मांडून बसली. आतापर्यंत तिने निळी पुस्तकं कोरी कशी, एवढंच पाहिलं होतं. आता तिने उलट शोध घेतला: कसर लागलेलं निळं पुस्तक आहे का? आणि कोरं राहिलेलं दुसऱ्या रंगाचं? सहा दिवस ती शिंकत, नाक पुसत एकेक फळी पालथी घालत होती. सहाव्या दिवशी हाती आलं ते असं: निळ्या रंगाची अकरा पुस्तकं चांगलीच खाल्लेली होती. आधी ती 'अपवाद' म्हणून तिने बाजूला टाकली होती. आणि कोपऱ्यातल्या फळीवर चौदा तपकिरी पुस्तकं अशी, की आजूबाजूच्या तपकिरी भावंडांची चाळण झालेली, पण त्यांच्या अंगावर ओरखडा नाही.

त्यातल्या एकाची पाठ थोडी उकललेली होती. काकाने भिंग लावून आत पाहिलं. वाळलेल्या खळीचा पापुद्रा सहसा पिवळट असतो. हा फिकट हिरवा-निळा होता.

ती धावतच वर गेली. ग्रंथपाल बाईंकडे बांधणीची नोंदवही होती: पुस्तकाचा क्रमांक, तारीख, कापड, आणि बांधणाऱ्याची सही. चौदा तपकिरी पुस्तकांपुढे एकच वळणदार सही. कोऱ्या निळ्यांपुढेही तीच. कसर लागलेल्या अकरा निळ्यांपुढे दुसरीच कोणाची.

"ही सही कोणाची?"

ग्रंथपाल बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "आमच्या जुन्या बाईंडरची. मी नोकरीला लागले त्या वर्षी ते निवृत्त झाले. आहेत अजून. दर नोव्हेंबरला पेन्शनच्या कागदावर सही करायला येतात, आणि जाताना माझ्या टेबलावरची पुस्तकं हातात घेऊन नव्या बाईंडरच्या नावाने बोटं मोडतात."

बाईंडर एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. वय ऐंशीच्या पुढे, पण हाताची बोटं अजून पुठ्ठ्यासारखी ताठ. त्यांनी काकाला खुर्चीवर बसवलं, आपण पलंगाच्या कडेला बसले, आणि तिने आणलेलं तपकिरी पुस्तक उघडण्याआधी दोन्ही हातांवर तोललं.

"माझंच आहे," ते म्हणाले. "काय गुन्हा केला याने?"

"गुन्हा नाही आजोबा. याला कसर लागलेली नाही. तुमच्या एकाही पुस्तकाला लागलेली नाही."

"असं?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "हे ठाऊकच नव्हतं मला!"

"तुम्ही खळीत काय घालत होतात?"

"कणीक, पाणी आणि मोरचूद. चिमूटभर."

मोरचूद! निळा, खड्यासारखा, विषारी मोरचूद. वाळलेल्या खळीचा रंग म्हणूनच तसा होता. "कसर लागू नये म्हणून?"

"छे गं पोरी. कसरीचा विचार कोण करतो? खळ मी घरीच शिजवायचो आणि डब्यातून न्यायचो. दुसऱ्या दिवशी ती आंबायची. वास असा सुटायचा, की विचारू नकोस. कोणीतरी सांगितलं मोरचूद घाल, टिकेल. घातला, टिकली. हिला तो वास सहन व्हायचा नाही ना."

आतून चहाचे कप घेऊन येणाऱ्या आजी दारातच थांबल्या. "मला? मला काही होत नव्हतं. यांनाच मळमळायचं. आणि पातेलं मी वेगळं ठेवलं होतं हो, नाहीतर आज आम्ही दोघं इथे बसलेलो दिसलो नसतो."

काका हसली, पण तिचं लक्ष अजून एका गोष्टीत अडकलं होतं. "आजोबा, मग सगळं कापड निळंच का?"

"त्या मोरचुदापायी. कापडावर खळ सांडली की हिरवट डाग पडायचे. पहिल्या वर्षी पांढरट कापडाची वीस पुस्तकं डागाळली, साहेबांनी मला उभा-आडवा घेतला आणि ती सगळी दुसऱ्याकडून पुन्हा बांधून घेतली. मी सामानवाल्याला सांगितलं, मला निळं दे बाबा, कुठल्या का गिरणीचं असेना. निळ्यावर डाग दिसत नाही. एका वर्षी निळं मिळालंच नाही, तेव्हा तपकिरी वापरलं. हे त्यातलंच."

काकाने कप खाली ठेवला. म्हणजे निळ्या रंगाने पुस्तकं वाचवली नव्हती. ज्या गोष्टीने पुस्तकं वाचवली, तिचे डाग लपवायला निळा रंग आला होता! तिच्या अर्जातलं कारण आणि परिणाम यांनी एकमेकांच्या खुर्च्या पळवल्या होत्या. तिला इतका आनंद झाला, की जिना उतरून खाली रस्त्यावर येईपर्यंत, आणि पुढे चौकापर्यंत, तिच्या लक्षातच आलं नाही की आपला अर्ज मेला.

चौकात मात्र ते लक्षात आलं, आणि ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

मॅडमनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. "तू कशाला घाबरतेस? अनुदान मिळाल्यावर काम बदलतंच. अर्जात लिहिलं तेच आयुष्यभर करत बसलं तर त्याला संशोधन म्हणत नाहीत. मिळू दे आधी, मग बघू."

"पण मॅडम, मला आत्ताच माहीत आहे की ते खोटं आहे. ते तिघे अजून वाचतायत."

मॅडमनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "कळवायचं की नाही, हे मी सांगणार नाही. अर्ज तुझा आहे."

मुंग्यावाल्याने मात्र आडपडदा ठेवला नाही. "वेड लागलंय का तुला? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणार? त्यांना कसं कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार," काका म्हणाली, "पण समज, त्यातला एखादा खरंच विचार करत बसला असेल, निळ्या रंगात काय असेल म्हणून. मला उत्तर माहीत असताना त्याला तसंच बसवून ठेवायचं?"

मुंग्यावाला मान हलवत मुंग्यांकडे वळला. तिने मंडळाला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून भल्या वाटल्या.

"अर्ज मागे घ्यायचाय का तुम्हाला?"

"नाही."

"मग दुरुस्ती? दुरुस्तीची मुदत गेली."

"दुरुस्ती नाही. त्यातलं मुख्य विधान चुकीचं आहे, एवढंच कळवायचंय."

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. "असा रकाना नाहीये हो आमच्याकडे. तुम्ही असं करा, साधं पत्र लिहा. मी परीक्षकांना पाठवून देते. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. खरं सांगू? मलाही बघायचंय काय होतं ते."

पत्र एक पानाचं झालं. त्यात तिने आईचा अंगठा, अकरा निळी, चौदा तपकिरी आणि बाईंडरचा मोरचूद हे सगळं क्रमाने लिहिलं. शेवटी लिहिलं, की रंगाच्या पृथक्करणाची आता गरज नाही. पत्र गेल्यावर दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. आईने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

आई टीप घालत होती. मशीन थांबवून म्हणाली, "चुकीच्या मापाचा कपडा कापला गेला तर मी गिऱ्हाइकाला शिवायच्या आधी सांगते. नंतर सांगितलं तर तोच कपडा माझ्या तोंडावर फेकतात. कधी कधी आधी सांगूनही फेकतात, ते वेगळं."

आता वाट बघण्याची चवच बदलली. पूर्वी काकाला वाटे, 'होईल की नाही?' आता होणार नाही हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि तरीही ती संकेतस्थळ उघडू लागली, मुंग्यावाल्यापेक्षा जास्त वेळा. पत्र वाचून ते तिघे काय म्हणाले असतील? रागावले असतील? हसले असतील? मधल्या काळात तिने एका काचेच्या बरणीत दहा कसरी सोडल्या, दोन बाजूंना दोन प्रकारच्या खळीचे वाळलेले तुकडे ठेवले, वर काळं कापड टाकलं, आणि त्यात तोंड खुपसून तासन्‌तास बघत बसली. तिला वाटलं होतं, मोरचुदाची खळ खाऊन किडे मरत असतील. पण एकही मेला नाही. ते तुकड्यापर्यंत यायचे, मिशांनी त्याला शिवायचे आणि मागे फिरायचे. खायच्या आधीच! चाखल्याशिवाय त्यांना कळतं कसं?

निर्णय चौदाव्या आठवड्यात आला, मंगळवारी सकाळी साडेअकराला. मुंग्यावाला खुर्चीवरून उठून उभा राहिला, बसला, परत उठला. त्याला अनुदान मिळालं होतं. मग त्याने काकाकडे पाहिलं आणि त्याचा हसरा चेहरा अर्ध्यावर थांबला.

'नामंजूर.'

येणार हे ठाऊक असलेली गोष्ट प्रत्यक्ष आली तरी लागायची ती लागतेच. काका खिडकीशी गेली, थोडी रडली, नाक पुसलं, मुंग्यावाल्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "पेढे-बिढे काही नको," ती म्हणाली, "फक्त आज अर्धा तास गप्प बस." तो बिचारा खरंच गप्प बसला.

मग तिने परीक्षकांचे अभिप्राय उघडले. पहिल्याने रंगाची कल्पना उचलून धरली होती. त्याचा अभिप्राय पत्राच्या आधीचा होता, हे उघड दिसत होतं. दुसऱ्याने चार ओळींत काहीच म्हटलं नव्हतं. तिसऱ्याचा अभिप्राय दीड पानांचा होता, आणि तारखेवरून दिसत होतं, की निर्णयाला आणखी उशीर झाला तो त्याच्याचमुळे.

'अर्जदाराने स्वतःच पाडलेली इमारत मी मंजूर कशी करू?' त्याने लिहिलं होतं. 'पण एवढं नमूद करतो, की पत्र आल्यावर मी घरातल्या जुन्या पुस्तकांच्या पाठी चाकूने उकलून पाहिल्या, आणि त्यावरून घरात माझी शोभा झाली. मला दोन पुस्तकांत हिरवट खळ सापडली. माझी अर्जदाराला विनंती आहे, की पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करावा. आणि हे सांगावं: किडा ती खळ खाऊन मरतो, की तोंड फिरवतो? मला झोप नाही.'

काकाने ते तीनदा वाचलं. मग बरणीवरचं काळं कापड बाजूला केलं आणि किड्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तोंड फिरवतो!"

अर्धा तास संपला नव्हता, म्हणून मुंग्यावाल्याने नुसत्याच भुवया उंचावल्या.

पुढच्या फेरीला तिने नवा अर्ज केला. या वेळी पानं सहाच होती. तिने मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, पण मिळालं. पहिलं काम ठरलं होतं: खळीत मोरचूद नेमका किती असायचा ते मोजणं. त्यासाठी तिने बाईंडर आजोबांना प्रयोगशाळेत बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, सोबत आजीही आल्या.

आजोबांना हातमोजे घालायला लावून तिने वजनकाट्यावर कागद ठेवला. "घाला चिमूट."

त्यांनी घातली. तिने आकडा लिहून घेतला. "पुन्हा." असं अकरा वेळा केलं. अकराही चिमटी इतक्या सारख्या, की काकाला काट्याचाच संशय आला. आजोबा ऐटीत मागे रेलले.

"एवढी कमी?" आजी पुढे झाल्या. त्यांनीही हातमोजा चढवला आणि चिमूट घेऊन काट्यावर टाकली. आकडा दुपटीवर गेला.

"तू कशाला मध्ये?" आजोबा म्हणाले.

"मध्ये म्हणजे? आठवड्यातले दोन दिवस खळ कोण शिजवायचं? तुम्ही झोपून असायचात."

काकाचं पेन हवेतच राहिलं. "आजी, म्हणजे काही पुस्तकं आजोबांच्या खळीची आणि काही तुमच्या?"

"असतील की."

"नोंदवहीत तारखा आहेत. कुठल्या वारी कोण शिजवायचं, आठवतं का?"

"सोमवार आणि गुरुवार मी," आजी ठामपणे म्हणाल्या.

"गुरुवार माझा होता," आजोबा म्हणाले. "सोमवार आणि शनिवार तुझे."

"शनिवारी तुम्ही अर्धा दिवस कामावर जायचात. खळ आदल्या दिवशीचीच न्यायचात."

"कोणी सांगितलं?"

काकाने नवं पान उलटलं, वर सात वार लिहिले, आणि दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसली.